गोड्या पाण्यातली गोगलगाय ओळखताना: कवचापासून डीएनएपर्यंत

तळ्यातून उचललेली बोटाच्या पेराएवढी तपकिरी गोगलगाय, शेजारी पुस्तकातलं चित्र, आणि दोन्ही जुळल्याचा आनंद. बहुतेकांची ओळखपरेड इथेच संपते. माझीही बरेच दिवस इथेच संपायची. मग एकदा एकाच डबक्यातल्या, दिसायला अगदी सारख्या सहा गोगलगायी सूक्ष्मदर्शकाखाली उघडल्या. त्यातल्या दोघींचे नर-अवयव उरलेल्या चौघींहून उघडउघड वेगळे निघाले. कवच बघून मी सहाही जणींना एकच नाव देऊन मोकळी झाले होते.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी मी इथे त्याच्या पायऱ्या लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. कवच, शरीर आणि डीएनए हे तिन्ही पुरावे एकाच गोगलगायीचे हवेत आणि तिन्हींवर एकच क्रमांक हवा. एकीचं कवच, दुसरीचं शरीर आणि तिसरीचा डीएनए अशी मोट बांधली, तर डबक्यात दोन प्रजाती मिसळून राहत असल्याचं कधीच कळणार नाही. पुढचं सगळं या एका शिस्तीवर उभं आहे.

गोळा करताना

हातात मोजे घाला. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. शिस्टोसोमा या चपट्या कृमीच्या अळ्या गोगलगायीतून पाण्यात सुटतात आणि माणसाच्या अखंड त्वचेतूनही आत शिरतात. उंदराच्या फुप्फुसातला अँजिओस्ट्राँगायलस हा कृमीसुद्धा गोगलगायींमध्ये वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. म्हणून काम चालू असताना खाणंपिणं नको, आणि झाल्यावर हात साबणाने धुवायचे. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट आणि जाळी धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर आपणच परक्या गोगलगायी नव्या पाण्यात नेऊन सोडतो. पाणी कोणाच्या ताब्यात आहे आणि परवानगी कोण देतं, हे जाण्याआधी विचारून घ्या. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर जनुकीय साहित्याचे नियम वेगळे असतात, तेही आधीच पाहून ठेवा.

एका ठिकाणाहून दहा-पंधरा तरी प्रौढ गोगलगायी घ्या. प्रौढच हव्यात, कारण पिल्लांची जननेंद्रियं तयार झालेली नसतात आणि ओळख बहुतेक वेळा तिथेच ठरते. दोन-चार पिल्लंही असू द्या, वाढीबरोबर कवच कसं बदलतं ते त्यांच्यावरून समजतं. जिवंत असतानाच फोटो काढा. अल्कोहोलमध्ये गेल्यावर त्वचेचे रंग उडतात आणि ठिपक्यांची नक्षी पुसट होते.

अंडी दिसली तर त्यांचाही फोटो घ्या. पाण्याच्या वर, दांड्यावर किंवा भिंतीवर चिकटलेला गुलाबी दाणेदार घोस दिसला की पोमेशिया या सफरचंदी गोगलगायीची शंका लगेच घ्यावी. पानाखाली पारदर्शक जेलीची लांबट वळकटी लिम्निया आणि फायसा घालतात. चकतीसारखी चपटी जेली प्लॅनॉर्बिस कुलाची असते. काही गोगलगायी अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि ती बाटलीच्या आत टाकायची. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बाटलीवर बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी एक दिवस गळून पडतेच.

मारणं आणि जपणं

सगळ्यात जास्त नमुने या पायरीला वाया जातात. सुरुवातीला मी जिवंत गोगलगायी सरळ तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचे. अल्कोहोल लागताच प्राणी अंग चोरून पार आत जातो, आणि झाकणवाली असेल तर झाकणही घट्ट लावून घेते. अल्कोहोल आतपर्यंत पोचतच नाही. महिन्याभराने कवच फोडलं तेव्हा आत काळपट लगदा होता. त्यातून ना शरीररचना कळली, ना डीएनए मिळाला. एका पूर्ण फेरीचे नमुने असे गेले, आणि ते तळं पुढच्या वर्षी आटलेलं होतं.

म्हणून आधी प्राण्याला शिथिल करायचं. लहान भांड्यात त्याच तळ्याचं पाणी घ्या, गोगलगायी सोडा, वर मेंथॉलचे थोडे खडे टाका आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी त्या शरीर बाहेर काढून निपचित पडलेल्या असतात. बारीक सुईने शिंगाला स्पर्श करून बघा. शिंग जरासुद्धा आखडलं तर अजून थांबा. इथली घाई पुढे शरीर उघडताना महागात पडते, कारण आखडलेल्या अवयवांची लांबी मोजण्यात अर्थ नसतो.

पूर्ण शिथिल झाल्यावर पायाच्या मागच्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा स्वच्छ पात्याने कापून ९५-९६ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. तो डीएनएसाठी. उरलेला प्राणी ७०-८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, तो शरीररचनेसाठी. तीव्र इथेनॉलमध्ये ऊती काचेसारख्या ठिसूळ होतात आणि उघडताना तुटतात, म्हणून ही वाटणी. दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक. प्राण्याच्या अंगात पाणी बरंच असतं आणि त्याने अल्कोहोल पातळ होतं, म्हणून एका दिवसाने ते बदला. फॉर्मॅलिन मात्र लांबच ठेवा. त्यात शरीर छान टिकतं, पण डीएनएचे तुकडे होतात आणि तो प्रथिनांना जखडला जातो.

कवच न फोडता प्राणी अख्खा काढायचा असेल तर जपानी अभ्यासकांनी २००८ साली मांडलेली निकु-नुकी पद्धत शिकून घ्या. शिथिल झालेला प्राणी काही सेकंद गरम पाण्यात धरला की त्याला कवचाशी बांधणारा स्नायू सुटतो, आणि चिमट्याने हलकेच फिरवत शरीर अखंड बाहेर येतं. कवचही शाबूत राहतं आणि डीएनएही. हाताला वळण पडायला वीस-पंचवीस गोगलगायी लागतात. त्या एखाद्या सर्रास आढळणाऱ्या प्रजातीच्या निवडा, दुर्मीळ नमुन्यावर सराव नको.

कवच कशाला उत्तर देतं, कशाला देत नाही

कवचावरून कुल बहुधा ठरतं, प्रजाती क्वचित. हे मनात पक्कं ठेवून कवच वाचा.

पहिला प्रश्न झाकणाचा. पायाच्या मागच्या भागावर ऑपर्क्युलम नावाचं झाकण आहे का? फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या लिम्निया, फायसा आणि प्लॅनॉर्बिस कुलांत ते नसतं. झाकण असेल तर त्यावरच्या रेषा पाहा. व्हिव्हिपॅरस कुलात आणि बिथिनियात एकात एक वर्तुळं असतात. थायरा कुलातल्या मेलानॉइडिसच्या झाकणावर कडेच्या बिंदूपासून सुटणारे मोजके वेढे असतात. व्हॅल्व्हाटाच्या गोल झाकणावर पुष्कळ वेढ्यांची गुंडाळी दिसते. सफरचंदी गोगलगायींत पोमेशियाचं झाकण शिंगासारखं लवचिक असतं, तर पिलाचं चुनखडीने कडक झालेलं. पिला आणि पोमेशियाचा गोंधळ या एका खुणेवर सुटतो.

दुसरा प्रश्न वळणाचा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून कवच धरा. तोंड उजवीकडे आलं तर उजवं वळण, डावीकडे आलं तर डावं. लिम्निया उजवी, फायसा डावी. बांगडीसारख्या सपाट प्लॅनॉर्बिसमध्ये वरची बाजू कोणती हेच कळत नाही, त्यामुळे तिथे कवचाला विचारण्यात अर्थ नाही. शरीर बघा: श्वसनछिद्र आणि जननछिद्रं डाव्या अंगाला असतात, म्हणजे प्राणी डावाच. सपाट कवच आणि झाकण अशी जोडी दिसली तर तो प्लॅनॉर्बिस नव्हेच. मारिसा नावाची सफरचंदी गोगलगाय अशी सपाट असते आणि नवशिक्यांना हमखास फसवते.

इथपर्यंत कवच इमानदार आहे. यापुढे तोंडाची रुंदी, टोकाची उंची, भिंतीची जाडी असली मापं घेऊन प्रजाती ठरवायला गेलात की ते दगा देतं. फायसाची पिल्लं माशांचा वास असलेल्या पाण्यात वाढवली तर त्यांची कवचं अधिक गोलसर होतात, कारण गोल कवच चिरडणं माशाला अवघड जातं. आईबाप तेच, पाणी बदललं, आकार बदलला. बालमानसशास्त्रात नाव कमावलेल्या जाँ पियाजे यांनी १९२९ साली स्वित्झर्लंडमधल्या तलावांतल्या लिम्निया स्टॅग्नॅलिसवर लिहिलं ते याच विषयावर. लाटांचा मारा असलेल्या किनाऱ्यावर या गोगलगायीचं उंच टोक आखूड होतं आणि तोंड पसरट होतं. पियाजेंना आढळलं की अशा काही गोगलगायी शांत पाण्यात पिढ्यान् पिढ्या वाढवल्या तरी आखूडच राहतात. म्हणजे काही आकार पाण्याने घडतो, काही वारशाने येतो, आणि नुसत्या कवचाकडे बघून यातलं कुठलं कोणतं ते सांगता येत नाही.

रॅडिक्स आणि गाल्बा या लिम्निया कुलातल्या वंशांत तर हा प्रश्न फारच अवघड होतो. यकृतकृमी फॅसिओला हेपॅटिका याला पोसणारी गाल्बा ट्रंकॅट्युला आणि तिच्या बहिणी गाल्बा क्युबेन्सिस व गाल्बा शिराझेन्सिस या कवचावरून वेगळ्या करता येत नाहीत, आणि आतल्या रचनेवरूनही भरवशाने करता येत नाहीत. यातली कोणती गोगलगाय गुराढोरांच्या कुरणात आहे यावर रोग पसरणार की नाही हे अवलंबून असतं. म्हणून हे नावाचं काम कोणी किरकोळ समजलं तर मला वाईट वाटतं.

जिवंत प्राणी बाहेरून

पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. लिम्नियाची शिंगं चपटी आणि त्रिकोणी असतात, फायसा आणि प्लॅनॉर्बिसची दोऱ्यासारखी बारीक. फायसा अक्युटा चालत असताना तिच्या प्रावाराची, म्हणजे कवचाला आतून लागून असलेल्या त्वचेच्या पडद्याची, कड बोटांसारखी कवचावर पसरलेली दिसते. व्हॅल्व्हाटाचा पिसासारखा कल्ला चालताना कवचाबाहेर डोलतो. व्हिव्हिपॅरस कुलातल्या नराचं उजवं शिंग जाड आणि बोथट असतं, कारण तेच त्याचं संभोगाचं इंद्रिय. त्यामुळे नर-मादी बाहेरूनच कळतात. प्लॅनॉर्बिसच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून फिक्या रंगाचे प्राणी लालसर दिसतात.

उघडताना

साधनं फारशी लागत नाहीत. १० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, तळाला मेण ओतलेली बशी, कीटक टाचण्याच्या बारीक टाचण्या, अणकुचीदार चिमट्यांची जोडी, लहान कात्री. बशीत प्राणी बुडेल इतकं ७० टक्के इथेनॉल ठेवा. कोरड्यात उघडलं तर सगळे अवयव एकमेकांना चिकटून बसतात.

पहिली गोगलगाय म्हणून मी फायसा सुचवते. ती सगळीकडे सापडते, लहान असली तरी आतली मांडणी सुटसुटीत आहे, आणि उत्तर एका अवयवात मिळतं. कवचातून काढलेला प्राणी पोट खाली करून ठेवा. पायाला दोन टाचण्या, डोक्याच्या कडेला एक. प्रावार मागे उलटून टाचा. आता शिंगांच्या मधून मागच्या दिशेने, मधोमध, फक्त त्वचा कापत जा. कात्रीचं खालचं पातं वर उचलून धरा, म्हणजे ते आत रुतणार नाही. त्वचा दोन्हीकडे उघडून टाचली की समोर गोल गुबगुबीत मुखपिंड दिसतो, त्याच्या मागे अन्ननलिका आणि तिच्याभोवती चेतागुच्छांचं कडं. त्याच्या डाव्या अंगाला एक फुगीर पांढरट पिशवी आहे. ती शिश्नपूर्व पिशवी, म्हणजे प्रीप्युशियम. तिच्या एका बाजूला फुगवटा दिसेल, ती ग्रंथी. पिशवीच्या टोकाला जोडलेली अरुंद नळी म्हणजे शिश्नावरण. तिच्याकडे येणारा बारीक दोरा ही शुक्रवाहिनी. आधार देणारे स्नायूंचे धागे एकेक करून तोडा आणि हा सगळा संच सरळ करून टाचा.

आता शिश्नावरण नीट पाहा. फायसा अक्युटात ते टोकापासून टोकापर्यंत एकाच जातीचं, स्नायूंचं बनलेलं असतं. फायसा गायरिनात त्याचे दोन भाग पडतात, एक ग्रंथीमय आणि एक साधा, आणि मधला सांधा प्रकाश तिरका सोडला की उठून दिसतो. या दोघींची कवचं समोरासमोर ठेवून तासभर वाद घालता येईल. हा सांधा एकदा दिसला की वाद मिटतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा लगेच दुसरी गोगलगाय उघडली, मग तिसरी. फोटोआधी चित्र काढा. हाताने काढताना डोळा जे टिपतो ते कॅमेऱ्यातून निसटतं.

बायोम्फेलेरिया वंशात थोडी वेगळी खूण पाहायची. दक्षिण अमेरिकेत शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीला पोसणाऱ्या तीन प्रजाती आहेत. प्रौढ बायोम्फेलेरिया ग्लॅब्राटाच्या मूत्रपिंडाच्या नळीवर लांबीच्या दिशेने एक उंच कड असते. बायोम्फेलेरिया टेनागोफिलात ती कड नसते, पण योनीला पिशवी असते. बायोम्फेलेरिया स्ट्रामिनियात पिशवीऐवजी योनीवर सुरकुत्या दिसतात. ग्लॅब्राटाच्या पिल्लांत कडेच्या जागी नुसती रंगाची रेघ असते. मुद्दा पुन्हा तोच, प्रौढच घ्या.

एक इशारा. बुलिनस ट्रंकॅटस या गोगलगायीत कित्येक प्राण्यांना शिश्न नसतंच. उभयलिंगी असल्याने ते स्वतःच स्वतःची अंडी फलित करतात. अवयव सापडला नाही की आपण तोडला असं वाटतं, आणि अर्धा दिवस शोधण्यात जातो. आणखी दोन-चार प्राणी उघडून पाहा. कृमींनी पोखरलेल्या गोगलगायींतही जननेंद्रियं आक्रसलेली असतात. पाचक ग्रंथीत पांढऱ्या-केशरी अळ्यांची गर्दी दिसली तर ती नोंद करा, पण त्या प्राण्याची मापं ओळखीसाठी वापरू नका.

झाकणवाल्या बहुतेक लहान गोगलगायींत नर आणि मादी वेगळे असतात, आणि नराचं शिश्न बहुधा डोक्यावर शिंगांच्या मागेच असतं, त्यामुळे फारसं कापावं लागत नाही. त्याचा आकार आणि त्यावरचे फाटे पाहा. बिथिनियाच्या शिश्नाला जोडीला एक उपांग असतं. मादीत पिल्लं कुठे वाढतात हीही पक्की खूण आहे. मेलानॉइडिस आणि तिच्या कुलातल्या इतर गोगलगायींत पिल्लांची पिशवी मानेच्या भागात, डोक्यामागे असते. व्हिव्हिपॅरस कुलात आणि न्यूझीलंडच्या पोटामोपिर्गस अँटिपोडारममध्ये पिल्लं अंडवाहिनीतच वाढतात. मेलानॉइडिसची मान उघडल्यावर आत आईसारखीच वेढेदार, मोहरीएवढी कवचं रांगेने मिळतात.

दातांची पट्टी

मुखपिंडाच्या आत रॅड्युला ही दातांची पट्टी असते. मुखपिंड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळतं आणि पट्टी उरते. ती धुऊन काचपट्टीवर पसरा. झाकणवाल्या बहुतेक गोगलगायींत प्रत्येक ओळीत सात दात असतात. नेरिटा कुलात कडेच्या दातांची गर्दी असते. फुप्फुसवाल्यांत एका ओळीत डझनावारी दात, आणि फायसात त्या ओळी इंग्रजी व्हीसारख्या वळलेल्या. कुल पक्कं करायला पट्टी उत्तम. जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, खाण्याप्रमाणे दात झिजतात.

डीएनएची पायरी

पायाचा तो तुकडा आता काढा. पायाचाच का? आतड्यात दुसऱ्या जिवांचं अन्न असतं, पाचक ग्रंथीत कृमी असतात, आणि प्रावाराच्या पोकळीत चीटोगॅस्टर नावाचे बारीक किडे राहतात. त्यांचा डीएनए मिसळला तर गोगलगायीच्या नावाखाली किड्याचा क्रम हाती येतो.

खरा त्रास चिकट स्रावाचा. त्यातले शर्करायुक्त रेणू डीएनएबरोबरच बाहेर येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी अभिक्रिया, बंद पाडतात. तुकडा आधी स्वच्छ पाण्यात भिजवून अल्कोहोल काढा, प्रोटिनेज के विकराने रात्रभर विरघळवा, आणि जमल्यास सीटॅब पद्धतीने डीएनए वेगळा करा. ती चिकटपणासाठीच उपयोगी आहे. पीसीआर चालत नसेल तर डीएनए आणखी घालू नका, उलट दहा पट आणि पन्नास पट पातळ करून बघा. डीएनएबरोबर स्रावही पातळ होतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच जेलवर डीएनएचा पट्टा उमटतो.

पहिलं जनुक बहुधा मायटोकाँड्रियातलं सीओआय. फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दिलेले एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ हे प्रायमर, म्हणजे प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, सुमारे ७१० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाढवतात. प्रायमर कापून टाकल्यावर ६५८ बेस उरतात. प्रत्येक फेरीत डीएनए न घातलेली एक नळी ठेवायचीच. तिच्यात पट्टा उमटला तर त्या दिवसाचं सगळं काम बाद.

क्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्या आणि आलेख स्वतः डोळ्यांनी तपासा. मग त्याचं प्रथिनात भाषांतर करा, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाची संकेतसारणी वापरून. मध्येच थांबा-संकेत आला तर वाचनात चूक आहे, किंवा तो केंद्रकात जाऊन पडलेला मायटोकाँड्रियाचा निकामी तुकडा आहे. ही तपासणी गाळून तयार केलेली कितीतरी वंशवृक्षांची झाडं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या फांद्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

पुढे जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात जुळणी शोधताना पहिलंच नाव उचलू नका. तिथे नाव देणारा माणूसच असतो, आणि त्यानेही कवच बघूनच नाव दिलेलं असू शकतं. जुळलेला क्रम कुठल्या ठिकाणच्या प्राण्याचा आहे, त्याचं शरीर कुठे जपलं आहे का, आणि शक्य असेल तर प्रजातीचं वर्णन जिथल्या नमुन्यांवरून झालं त्याच जागेचा तो आहे का, ते बघा. दोन-तीन टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा ठोकताळा गोगलगायींत चालत नाही. काही प्रजातींत एकाच तळ्यात त्याहून मोठा फरक असतो.

म्हणून दुसरं जनुक केंद्रकातलं घ्याच. आयटीएस-२, २८एस किंवा हिस्टोन एच३. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात आणि अर्धीच कहाणी सांगतात. रोजच्या कामात प्रत्येक वेळी क्रम वाचायची गरज नसते. बायोम्फेलेरियात आयटीएसचा तुकडा डीडीई-वन विकराने कापला की प्रजातीप्रमाणे पट्ट्यांची वेगळी मांडणी मिळते. गाल्बाच्या तीन बहिणींसाठी एकाच नळीत करायची चाचणी आहे. बुलिनसमध्ये गुणसूत्रं मोजणंही उपयोगी पडतं. बुलिनस ट्रॉपिकसमध्ये ती ३६ असतात आणि कवचाने तिच्यासारख्याच असणाऱ्या ट्रंकॅटसमध्ये ७२, म्हणजे दुप्पट.

पुरावे जुळत नाहीत तेव्हा

या कामात मला सगळ्यात प्रिय असलेला भाग हा. शरीर एक सांगतं, जनुक दुसरं सांगतं. अशा वेळी आधी बाटल्यांचे क्रमांक तपासा. मग नळ्यांची अदलाबदल झाली का ते पाहा आणि तुकडा पुन्हा करा. तरी विसंगती राहिली तर ती जपून ठेवा.

पोमेशिया कॅनालिक्युलाटा आणि पोमेशिया मॅक्युलाटा या दक्षिण अमेरिकेतून आशियात पसरलेल्या दोन गोगलगायी. आशियातल्या काही प्राण्यांत सीओआय एका प्रजातीचं आणि केंद्रकातलं जनुक दुसरीचं असं सापडतं. चूक कुणाचीच नाही, त्यांचा संकर झालेला आहे. एकच जनुक वाचणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

फायसा अक्युटाची गोष्ट याहून चकित करणारी. २०२२ साली तिच्या काही प्राण्यांत असा मायटोकाँड्रिया सापडला, जो नराचं काम बंद पाडतो आणि नेहमीच्या मायटोकाँड्रियापासून इतका वेगळा आहे की नुसतं सीओआय बघणारा बेधडक दोन प्रजाती लिहील. पण ते प्राणी एकाच डबक्यातले, एकमेकांशी प्रजनन करणारे, एकाच प्रजातीचे.

उलटंही घडतं. फायसा अक्युटाचं वर्णन ड्रापार्नो यांनी १८०५ साली फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून केलं. १८१७ साली टॉमस से यांनी अमेरिकेतल्या गोगलगायीला फायसा हेटेरोस्ट्रोफा म्हटलं, पुढे फायसा इंटेग्राही आली. जवळजवळ दोन शतकं ही नावं वेगळी नांदली. मग २००२ साली डिलन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या गोगलगायींचा संकर केला, आणि संततीही सुदृढ आणि प्रजननक्षम निघाली. प्रजाती एकच. ती मुळची उत्तर अमेरिकेची, पण आधी दिलेलं नाव टिकतं या नियमाने युरोपात मिळालेलं अक्युटा हेच राहिलं.

मेलानॉइडिस ट्युबर्क्युलाटासारख्या गोगलगायींत तर संकराची कसोटीही लागू होत नाही. बहुतेक माद्या नराविना पिल्लं देतात, त्यामुळे एकेका आईच्या लेकी-नातींची एकसाची वंशरेषा तयार होते आणि प्रत्येक रेषेची नक्षी वेगळी दिसते. अशा ठिकाणी नवी प्रजाती जाहीर करण्याची घाई नको. वंशरेषा लिहा, नक्षीचं वर्णन करा, आणि तिथेच थांबा.

नाव लिहिताना

तिन्ही पुरावे जुळले तर पूर्ण नाव लिहा. दोनच जुळले किंवा तिसरा मिळालाच नाही, तर वंशाच्या नावापुढे सीएफ. लावा: फायसा सीएफ. अक्युटा. म्हणजे तिच्याजवळची, पण पक्कं नाही. फक्त वंश कळला तर फायसा एसपी. आणि पुढे स्वतःचा क्रमांक. यात कमीपणा नाही, पुढचा माणूस नेमकं तिथूनच काम उचलतो. कुठल्या अवयवावरून आणि कुठल्या जनुकावरून ठरवलं तेही चिठ्ठीवर दोन शब्दांत लिहा.

कवच, उघडलेलं शरीर, काचपट्टीवरची रॅड्युला आणि डीएनएची नळी हा सगळा संच एखाद्या संग्रहालयात जमा करा, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक जेनबँकच्या नोंदीत टाका. घरी ठेवणार असाल तर दर सहा महिन्यांनी बाटल्यांतलं इथेनॉल पाहा. झाकणातून ते हळूहळू उडतं. बाटलीवर पातळीची रेघ मारून ठेवली की किती कमी झालं ते लगेच दिसतं, आणि तेवढं भरून टाकता येतं.